१९९१ च्या भावाने घरपट्टी

चि. मनू,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू लीड्सहून पाठवलेल्या कौन्सिल टॅक्सच्या, म्हणजे तिथल्या घरपट्टीच्या, बिलाचा फोटो मोठा करून नीट वाचला. सगळी नोकरी नगरपालिकेच्या कर विभागात गेली, त्यामुळे बिल कुठलंही असो, माझी नजर रकमेच्या आधी आकारणीवर जाते. तुझ्या फ्लॅटचा बँड, म्हणजे किमतीचा गट, ‘ए’ आहे आणि तो १ एप्रिल १९९१ रोजी त्या घराला काय किंमत आली असती त्यावरून ठरवलाय. तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस. इमारत नंतर उभी राहिली असली तरी हिशोब १९९१ चाच लावतात.

आमच्याकडे चतुर्थ वार्षिक आकारणी असायची. नोटिसा गेल्या की कार्यालयाबाहेर रांग लागायची, हरकती यायच्या, सुनावण्या व्हायच्या, नगरसेवक येऊन टेबलापाशी ठाण मांडायचे. कधी काम लांबायचं, पण आकारणी व्हायची. घराची किंमत वाढली तर घरपट्टी वाढणार, हे भांडणाऱ्यालाही मनातून मान्य असायचं. इंग्लंडमध्ये १९९३ पासून कौन्सिल टॅक्स आहे आणि एकदाही फेरआकारणी झालेली नाही. २००७ साठी तयारी चालू होती, ती २००५ मध्ये गुंडाळून ठेवली. वेल्सने मात्र त्याच सुमारास करून दाखवली. तिथे पुष्कळ घरं वरच्या बँडमध्ये गेली, लोक चिडले, आणि तो राग पाहून लंडनमधल्या कुठल्याच पक्षाने पुन्हा हात घातला नाही.

आता बँडचं गणित बघ. ‘ए’ म्हणजे १९९१ च्या भावाने ४० हजार पौंडांपर्यंतचं घर, ‘एच’ म्हणजे ३ लाख २० हजारांच्या वरचं. किमतीत निदान आठ पटींचा फरक. पण एकाच कौन्सिलमध्ये ‘एच’वाला ‘ए’वाल्याच्या फक्त तिप्पट भरतो, मग त्याचा वाडा कितीही मोठा असो. लंडनमधली घरं या तीस-पस्तीस वर्षांत कुठल्या कुठे गेली, उत्तरेकडची तेवढी वाढली नाहीत, याचा तर हिशोबच नाही. २०२५ च्या नोव्हेंबरमधल्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेचल रीव्हज यांनी २० लाख पौंडांवरच्या घरांना २०२८ पासून वर्षाला अडीच ते साडेसात हजारांचा अधिभार लावायचं जाहीर केलं. मला ते पाऊल आवडलं. पण पाया कच्चा ठेवून वर मजला चढवण्यासारखं आहे ते.

तुझ्या पगारपत्रकाचंही तसंच आहे. प्राप्तिकर कापतात, वर नॅशनल इन्शुरन्सचे, म्हणजे तिथल्या सरकारी विम्याच्या वर्गणीचे, ८ टक्के. तुझ्या घरमालकाला भाड्यावर नॅशनल इन्शुरन्स नाही. त्याच्या भाड्यावरचा प्राप्तिकर २०२७ पासून दोन टक्क्यांनी वाढणार आहे, तरी अंगमेहनतीच्या पैशावर जास्त कर आणि बसल्या जागी येणाऱ्या पैशावर कमी, हे पूर्ण फिटत नाही. आणि करमुक्त उत्पन्नाची १२,५७० पौंडांची मर्यादा २०२१ पासून गोठवलेली आहे, ती आता २०३१ पर्यंत तशीच राहणार. महागाईपुरता पगार वाढला तरी वाढलेल्या प्रत्येक पौंडावर कर लागतो. मर्यादा कॉन्झर्व्हेटिव्हांनी गोठवली, मुदत लेबरने वाढवली. ‘प्राप्तिकराचे दर वाढवणार नाही’ असं निवडणुकीत वचन द्यायचं आणि मग असा न दिसणारा कर घ्यायचा, हे मला अप्रामाणिक वाटतं. दर वाढवा, पण लोकांना सांगून वाढवा.

आता तुझ्या मताविषयीच्या वाक्याकडे येते. तू म्हणालीस, “आई, लीड्समध्ये आमच्या भागात कोण निवडून येणार हे ठरलेलंच असतं. माझ्या एका मताने काय होणार?” तुझं म्हणणं खोटं नाही. ४ जुलै २०२४ च्या निवडणुकीत लेबरला ३४ टक्क्यांहून कमी मतं पडली आणि ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या. रिफॉर्म यूकेला १४ टक्के मतांवर ५ जागा, लिबरल डेमोक्रॅट्सना १२ टक्क्यांवर ७२. मला रिफॉर्मचं राजकारण पटत नाही, बाहेरून आलेल्या माणसांविषयी ते जे बोलतात ते तुझी आई म्हणून मला लागतं. तरीही त्यांच्या मतदारांना पाचच जागा हा न्याय नाही. न्याय आपल्या आवडत्या माणसापुरता मागायचा नसतो.

मला वाटतं, हे दोन्ही प्रश्न एकाच ठिकाणी अडकलेत. सर्वाधिक मतं त्याची जागा, अशी पद्धत असली की निकाल ठरतो अटीतटीच्या थोड्या मतदारसंघांत. तिथल्या मध्यमवर्गीय घरमालकाचा बँड वर गेला तर सरकार पडेल, ही भीती प्रत्येक पक्षाला असते. तुझ्या भागातल्या भाडेकरूवर अन्याय झाला तर काहीच बिघडत नाही, कारण ती जागा इकडची तिकडे होत नाही. १९९१ ची किंमत अजून चालते ती अधिकाऱ्यांच्या आळसामुळे नव्हे, असं मी कर विभागातली बाई म्हणून सांगते. फेरआकारणीची माणसं आणि यंत्रं त्यांच्याकडे आपल्यापेक्षा चांगली आहेत.

२०११ मध्ये पद्धत बदलायची संधी आली होती. मतपत्रिकेवर १, २, ३ असा पसंतीक्रम लिहायचा आणि निम्म्याहून जास्त मतं होईपर्यंत मोजत जायचं, एवढाच बदल. सार्वमतात जवळजवळ ६८ टक्क्यांनी नको म्हटलं. फार किचकट आहे, असा प्रचार झाला होता. मनू, आपल्या पदवीधर मतदारसंघाची निवडणूक अशाच पसंतीक्रमाने होते. तुझे बाबा आणि मी शाळेच्या खोलीत उभं राहून आकडे लिहून आलो आहोत, कुणाचंही डोकं चक्रावलं नाही. अर्थात त्या सुधारणेनेही जागा मतांच्या प्रमाणात आल्या नसत्या. खरी बघण्यासारखी पद्धत स्कॉटलंडच्या कौन्सिलची आहे. २००७ पासून तिथे एका वॉर्डातून बहुधा तीन-चार सदस्य पसंतीक्रमाने निवडतात. आपल्या महानगरपालिकांतही चार सदस्यांचे प्रभाग असतात, पण प्रत्येक जागेचं मत वेगळं, त्यामुळे एकच पक्ष चारही जागा घेऊन जातो. स्कॉटलंडमध्ये चारांत तीन पक्ष बसू शकतात आणि मतदाराला आपला म्हणता येईल असा एक तरी नगरसेवक मिळतो. ३ डिसेंबर २०२४ ला खासदार सारा ओल्नी यांनी प्रमाणशीर मतदानाचं विधेयक मांडलं, तेव्हा ते १३८ विरुद्ध १३६ मतांनी पुढे गेलं. त्याचा कायदा झाला नाही, पण सभागृहात बहुमत दिसलं.

कर आणि मत यांचं नातं त्या देशात फार जुनं आहे. १९०९ मध्ये अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी जमीनदारांवर कर बसवणारा अर्थसंकल्प आणला, उमरावांच्या सभागृहाने तो फेटाळला, आणि त्या भांडणातून १९११ मध्ये उमरावांचा नकाराधिकारच कापला गेला. त्याच १९११ मध्ये सोफिया दुलीपसिंग, महाराजा रणजितसिंगांची नात, बायकांच्या मताच्या हक्कासाठी ‘मत नाही तर करही नाही’ म्हणत कर आणि त्यावरचा दंड भरायला नकार देऊन उभी राहिली. तिची हिऱ्यांची अंगठी जप्त करून लिलावात काढली, तेव्हा सोबतिणीने ती विकत घेऊन तिला परत दिली. जप्तीच्या नोटिसांवर सह्या मीही केल्या आहेत, म्हणून ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

उलट गोष्ट मात्र पोल टॅक्सच्या वेळी घडली. श्रीमंत-गरीब सगळ्यांना माणशी सारखाच कर. ३१ मार्च १९९० ला ट्रफल्गार चौकात दंगल झाली ती सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याहून वाईट, कर चुकवायचा म्हणून कितीतरी लोकांनी मतदारयादीतलं नावच टाळलं. गरिबांनी कर टाळायला मत सोडलं. कर तीन वर्षांत गेला, पण यादीबाहेर गेलेली माणसं लगेच परत येत नाहीत.

तू आपणहून त्या यादीबाहेर राहतेस, म्हणून एवढं लिहिलं. तू राष्ट्रकुलातल्या देशाची नागरिक आहेस, व्हिसावर तिथे राहतेस, त्यामुळे पार्लमेंटसाठी मत द्यायचा तुला हक्क आहे. तुझ्या शेजारच्या खोलीतली पोलंडची मुलगी तुझ्याइतकाच कर भरते, तिला तो हक्क नाही. उलट कितीही वर्षं परदेशात राहिलेल्या ब्रिटिश माणसाला २०२४ पासून तो परत मिळालाय. तुझा भारतीय पासपोर्ट जसाच्या तसा राहतो. इथल्या यादीत परदेशस्थ म्हणून नाव घातलं तरी मतासाठी प्रत्यक्ष इथे यावं लागतं, आणि ते तुला सुट्टीत जमणार नाही.

“आपला देश नाही, आपण कशाला बोलायचं” असं तुझ्या मैत्रिणी म्हणतात ना? १८९२ मध्ये दादाभाई नौरोजी लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून पार्लमेंटवर निवडून आले ते अवघ्या पाच मतांनी. हिंदुस्थानातून वसूल केलेला कर कुठे जातो, हा त्यांचा आयुष्यभराचा प्रश्न होता, आणि तो त्यांनी तिथे जाऊन विचारला.

तेव्हा या रविवारी ऑनलाइन नाव नोंदव. नॅशनल इन्शुरन्सचा नंबर हाताशी ठेव. मतदानाला फोटो असलेलं ओळखपत्र लागतं, आपला पासपोर्ट चालतो. खासदाराची निवडणूक लांब असली तरी कौन्सिलचं मत आधी येईल, आणि ते बिल पाठवणारी कौन्सिलच आहे. बिलात प्रौढांच्या देखभालीसाठी वेगळी रक्कम धरली आहे, ती कशी ठरते आणि कुणासाठी खर्च होते, हे आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाला ईमेल करून विचार. काय उत्तर येतं ते मला पाठव. मला ते खरंच वाचायचं आहे.

बाबांची शुगर आता बरी आहे. थंडीत कान झाकून जात जा.

तुझी,
आई