दुकानाच्या वेबसाइटवर आधी पत्ता द्या

महोदय,
रविवार पेठ, बोहरी आळी भागातल्या दुकानदारांसाठी मी वेबसाइट तयार करते. मुखपृष्ठावर सरकत्या चित्रांचा हट्ट बहुतेकांचा असतो. पण गिऱ्हाईक मोबाइलवर पाहतं. काय मिळतं, दुकान कुठे, दुपारी किती ते किती बंद, हे पहिल्याच पडद्यावर दिसावं आणि नंबरवर बोट ठेवताच फोन लागावा. मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसावा, हा गूगलचा निकष. जड फोटो तिथेच घात करतात. मराठी मजकूर तर चित्रात कोंबूच नका, युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर टाइप करतो तशा अक्षरांत, लिहा. चित्रातली अक्षरं अंध ग्राहकाच्या स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) सहसा वाचता येत नाहीत. पुण्यातल्या दुकानाच्या मुखपृष्ठावर मराठीला जागाच नसते, याचं मला फार वाईट वाटतं.

— एक वाचक, कसबा पेठ, पुणे