माणूस जंगलाबाहेरच हवा का?

प्रिय लेकी,

अनेक आशीर्वाद. जंगल वाचवायचं तर आधी माणसाला बाहेर काढायला हवं, असं तू पत्रात लिहिलंस. तुझी कळकळ पोचली, पण म्हणणं पटलं नाही.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर लाल सीडरची दाट जंगलं आहेत. तिथल्या नू-चा-नुल्थ आणि शेजारच्या मूलनिवासींचा संसार या झाडावर चालत आला: होड्या, घरं, दोर, चटया, अंगावरचे कपडेसुद्धा. त्यांची साल काढायची रीत बघ. झाडात रस चढला की बायका रानात जातात. सरळ वाढलेलं झाड निवडायचं, साल कशासाठी हवी ते त्याला सांगायचं, आणि मागायची. मग बुंध्याशी आडवा छेद देऊन पट्टी सैल करायची आणि ती धरून मागे सरत जायचं. पट्टी वर वर निमुळती होत जाते आणि उंचावर सुटून खाली येते. बाहेरची खरबरीत साल काढून टाकायची, आतली मऊ साल घडी घालून घरी न्यायची. एका झाडाची एखाद-दुसरी पट्टीच, कारण चहूबाजूंनी सोललं तर झाड मरतं. जखमेच्या कडा हळूहळू भरत येतात आणि झाड पुढे शेकडो वर्षं जगतं.

त्या मागण्याला कुणी भाबडेपणा म्हटलं की मला वाईट वाटतं. समोरच्याला 'नाही' म्हणायचा हक्क आहे असं मानणारा माणूस हात राखूनच घेतो.

सॅमन माशाचंही तसंच. हंगामातल्या पहिल्या माशाचं पाहुण्यासारखं स्वागत होतं, तो सगळ्यांत वाटून खातात आणि काटे पाण्यात परत सोडतात. आपला मान राखला गेला हे कळलं तर त्याचे भाऊबंद पुढच्या वर्षीही येतील, ही श्रद्धा. अनेक जमातींत हा विधी होईपर्यंत मासेमारी सुरू होत नसे, आणि तेवढ्यात कितीतरी मासे अंडी घालायला नदीत वर निघून जात. यात श्रद्धा कुठे संपते आणि शहाणपण कुठे सुरू होतं, ते मला वेगळं करता येत नाही. करावंसंही वाटत नाही.

आता हे ऐक. १९८४ मध्ये त्याच किनाऱ्यालगतच्या मीअर्स बेटावरची झाडं तोडायला एक लाकूड कंपनी निघाली, तेव्हा नू-चा-नुल्थ लोक आडवे आले. पुढच्या वर्षी न्यायालयानं तोड थांबवली. हे जंगल आमच्या वापरातलं आहे, याचा पुरावा म्हणून त्यांनी काय दाखवलं? साल काढल्याच्या खुणा अंगावर असलेली, जिवंत उभी झाडं.

तू ज्या जंगलाचा अभ्यास करते आहेस, तिथे आधी कोण राहत होतं? ते काय घेत होते, कधी घेत होते, आणि कुठे थांबत होते? तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचार आणि मला सविस्तर कळव.

तुझी,
आई