घोडदौडीपलीकडचे सीझर रॉडनी

संपादक महोदय,

अमेरिकी स्वातंत्र्यावरील आपल्या रविवार पुरवणीतील लेखात डेलावेअर वसाहतीचे प्रतिनिधी सीझर रॉडनी यांची बोळवण ‘रात्रभर घोडा दौडवून मतदानाला पोहोचलेले’ एवढ्या एका वाक्यात केली आहे. प्रसंग खरा आहे. परंतु त्याची निकड कळली नाही तर ती नुसती साहसकथा उरते.

ब्रिटनपासून स्वतंत्र व्हायचे की नाही, यावर मतदान होते फिलाडेल्फियाच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेतील ब्रिटिश वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेत. तिथे प्रत्येक वसाहतीला एकच मत होते आणि डेलावेअरचे मत तिच्या तीन प्रतिनिधींच्या बहुमताने ठरत असे. थॉमस मॅकीन स्वातंत्र्याच्या बाजूचे, जॉर्ज रीड विरोधात. तिसरे रॉडनी मात्र मिलिशियाचे, म्हणजे शेतीवाडी सांभाळून बोलावणे आले की बंदूक घेऊन हजर होणाऱ्या स्थानिक फौजेचे, ब्रिगेडियर जनरल म्हणून राजनिष्ठांचा, म्हणजे ब्रिटिश राजाच्या पाठीराख्यांचा, बंदोबस्त करण्यासाठी डेलावेअरमध्येच अडकलेले होते. मॅकीन यांनी पदरमोड करून जासूद धाडला. विजापावसात सुमारे ऐंशी मैल तोडून २ जुलै १७७६ रोजी रॉडनी सभागृहाच्या दारात पोहोचले, तेव्हा स्वारीचे बूट आणि टाचांचे काटेही त्यांनी उतरवले नव्हते, असे मॅकीन यांनीच पुढे लिहिले आहे. त्यांच्या मताने डेलावेअरचा कौल स्वातंत्र्याच्या बाजूने पडला. त्यातून हा माणूस दमेकरी, आणि चेहऱ्यावर कर्करोग. जॉन अॅडम्स यांनी १७७४ सालीच रोजनिशीत त्यांना बोरूसारखे सडपातळ म्हटले होते. चेहरा मोठ्या सफरचंदाहून मोठा नाही, पण त्यावर बुद्धी आणि तेज आहे, अशीही पुस्ती जोडली होती.

लेखात जे आलेच नाही ते यापुढचे. त्याच वर्षी डेलावेअरच्या घटनासभेच्या निवडणुकीत रॉडनी यांना त्यांच्याच केंट परगण्याने नाकारले आणि नव्या विधिमंडळाने काँग्रेससाठी रीड यांना ठेवून रॉडनी व मॅकीन यांना वगळले. ते रुसून बसले नाहीत. १७७७ साली ब्रिटिश फौज डेलावेअरमध्ये शिरली, तेव्हा घर सोडायला नाखूश असलेल्या मिलिशियाची जमवाजमव त्यांनीच केली. राज्याच्या अध्यक्षांना (आजच्या गव्हर्नरसारखे पद) ब्रिटिशांनी पकडून नेल्यानंतर १७७८ ते १७८१ ते पद सांभाळून सरसेनापती जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या सैन्यासाठी माणसे आणि रसद पुरवली. घोडदौडीपेक्षा हे काम मला अधिक कष्टाचे वाटते. त्याची चित्रे कोणी काढत नाही, एवढेच.

त्यांच्या मळ्यावर गुलाम राबत होते, हेही लेखात यायला हवे होते. डेलावेअरच्या विल्मिंग्टन शहरातील त्यांचा अश्वारूढ पुतळा २०२० साली हटवण्यात आला तो याच कारणाने वाद पेटल्यावर. याच गृहस्थांनी वसाहतीच्या विधानसभेत गुलामांच्या आयातीवर बंदी घालणारे विधेयक मांडले होते आणि ते नामंजूर झाले होते. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत.

अखेरीस विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहाने त्यांना सभापती निवडले. आजारामुळे त्यांना सभागृहात जाणे अशक्य झाल्यावर काही काळ सदस्यच बैठकीसाठी त्यांच्या घरी जमत. अधिवेशन संपण्यापूर्वीच, जून १७८४ मध्ये, त्यांचे निधन झाले.

आपला नम्र,
एक नियमित वाचक, पुणे