रोपे मोजून जंगल कळत नाही

ठाण्यातल्या येऊरच्या डोंगरावर किती रोपे लावली, याची आकडेवारी दर पावसाळ्यात छापून येते. पण कार्बन साठतो तो मुख्यतः मोठ्या खोडांत. घेर दुप्पट झाला की झाडाचे वस्तुमान जवळपास पाचपट होते. उष्णकटिबंधीय जंगलांच्या 2020 च्या जागतिक अभ्यासात, सर्वांत उष्ण महिन्यातले दिवसाचे सरासरी कमाल तापमान 32.2 अंशांपुढे गेले की साठा वेगाने घटतो, असे दिसले. उष्म्यात पर्णरंध्रे (पानांवरची सूक्ष्म छिद्रे) मिटतात, अन्ननिर्मिती मंदावते, श्वसन मात्र वाढते. ठाण्यात एप्रिल-मेमध्ये पारा त्याहून वरच असतो, म्हणून इथे मोजणी तातडीची आहे.

मोजायचे कसे? साग, ऐन, कळंब यांचा घेर जमिनीपासून 1.37 मीटरवर. तिथे रंगाची खूण हवीच, नाहीतर पुढच्या वेळी फीत वर-खाली सरकते आणि वाढ खोटी दिसते. सावरीच्या बुंध्याला फाळ (बुडाशी फळीसारखे पसरलेले आधार) असतील तर त्यांच्या वर मोजावे. महिनाही दरवर्षी तोच असावा, कारण कोरड्या दिवसांत खोड किंचित आकसते. मेलेली झाडे वगळू नयेत. तोटा तिथेच दिसतो. आणि वणव्याआधी, फेब्रुवारीपर्यंत, जाळरेषा (आग पसरू नये म्हणून गवत-पाचोळा काढून मोकळे केलेले पट्टे) काढायलाच हव्यात.

— एक वनस्पती अभ्यासक, ठाणे (प.)