रात्रपाळी बंद, तीही मोबाइलवर

महोदय,

अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावले. त्याच आठवड्यात रात्री जेवताना व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन ओळी आल्या : ‘टॉवेलची ऑर्डर थांबली. उद्यापासून रात्रपाळी बंद.’ हातातला भाकरीचा तुकडा हातातच राहिला. वीस वर्षे माग चालवणाऱ्याला समोर बोलावून सांगायला नको? वॉशिंग्टनचा निर्णय मालकाच्या हातात नाही, हे आम्हालाही कळते. पण चार दिवस आधी सांगणे तरी आहे ना! कायद्यात ले-ऑफच्या (काम नाही म्हणून तात्पुरते घरी बसवण्याच्या) काळात निम्म्या वेतनाची तरतूद आहे, मात्र ५० पेक्षा कमी कामगारांचे कारखाने त्यातून सुटतात. सोलापूरचे कितीतरी यंत्रमाग कारखाने असेच छोटे. ही मर्यादा सरकारने खाली आणावी.

– एक यंत्रमाग कामगार, अक्कलकोट रोड, सोलापूर