ताम्हणांच्या छाटणीची वेळ व पद्धत : सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र

दि. १५ एप्रिल

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती,
सहकारी गृहनिर्माण संस्था, पुणे

विषय : आवारातील ताम्हणाची झाडे मे महिन्यातील छाटणीतून वगळण्याबाबत.

माननीय महोदय,
सप्रेम नमस्कार.

सूचनाफलकावरील सूचनेनुसार मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आवारातील सर्व झाडांची पावसाळापूर्व छाटणी होणार असून, ती पहिल्या मजल्याच्या उंचीपर्यंत खाली घेण्यास ठेकेदाराला सांगितले आहे, असे समजते. वादळी पावसात फांदी पडून कुणाला इजा होऊ नये, ही समितीची काळजी रास्त आहे. तरीही पार्किंगलगतच्या ताम्हणांची सरसकट छाटणी या वेळी करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ताम्हण हे आपले राज्यपुष्प. त्याचा बहर एप्रिल ते जून या काळात येतो आणि फुलांचे तुरे जुन्या लाकडावर न येता त्याच हंगामात फुटलेल्या नव्या फांद्यांच्या टोकाला येतात. आज झाडाखाली उभे राहून वर पाहिले, तर शेंड्याशेंड्याला उभ्या कंगोऱ्यांच्या गोल कळ्यांचे घोस दिसतात आणि बी विंगकडच्या झाडावर पहिली जांभळी फुले उमललीही आहेत. अशा वेळी शेंडे मारले तर यंदाचा फुलोरा जाईलच, शिवाय साठवलेले अन्न खर्चून नुकतीच पालवी धरलेल्या झाडाला ती पुन्हा फोडावी लागेल, आणि जखमा ओल्या असतानाच पाऊस सुरू होऊन त्यांत बुरशी शिरण्याचा धोका वाढेल.

ताम्हणाच्या छाटणीची योग्य वेळ म्हणजे थंडीचा शेवट, पाने तांबूस होऊन गळल्यानंतर आणि नवी पालवी फुटण्याआधी, साधारण जानेवारीअखेर ते फेब्रुवारी. तेव्हा झाडाचा सांगाडा उघडा असतो, कोणती फांदी वाळली आहे, कोणत्या दोन एकमेकींना घासत आहेत हे खालूनही कळते, आणि त्यानंतर येणाऱ्या धुमाऱ्यांवर त्याच उन्हाळ्यात फुले धरतात. गेटजवळच्या कांचनाला मात्र हेच वेळापत्रक लावू नये. तो फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आदल्या वर्षीच्या फांद्यांवर फुलतो, म्हणून त्याची छाटणी बहर संपल्यावरच करावी.

वेळेइतकीच पद्धत महत्त्वाची आहे. गतवर्षी पाण्याच्या टाकीजवळचे ताम्हण कोयत्याने एका रेषेत कापले गेले. प्रत्येक खुंटातून आता लांबच लांब पाणसोट (झपाट्याने वाढणारे कमकुवत धुमारे) सरळ वर गेले आहेत, त्यांचा जोड केवळ वरच्या सालीलगत आहे, आणि एका खुंटाची साल अंगठ्याने दाबली तरी सुटून आतला काळा भुसा हाताला लागतो. म्हणजे ज्या वाऱ्याच्या भीतीने झाड कापले, त्याच वाऱ्यात सहज निखळतील अशा फांद्या आपण स्वतःच तयार केल्या.

जाड फांदी काढताना खोडापासून वीतभर अंतरावर आधी खालून एक तृतीयांश खोल काप घ्यावा, मग त्याच्या थोडे पुढे वरून कापून फांदी उतरवावी, म्हणजे तिच्या वजनाने खोडाची साल ओरबाडली जात नाही. उरलेला खुंट शेवटी खोडालगतच्या फुगीर कड्याच्या बाहेरून धारदार करवतीने काढावा; जखम भरून आणणारा भाग तोच कडा असल्याने त्याला धक्का लावू नये. कापावर डांबर किंवा ऑइलपेंट फासण्याची गरज नाही. एका वेळी पर्णसंभाराच्या पाव भागापेक्षा जास्त काढू नये. वाळलेल्या बोंडांचे तुरे अस्वच्छ वाटतात, अशी काही सभासदांची तक्रार आहे. हाताला येतील तेवढे सिकेटरने (छाटणीच्या हातकात्रीने) काढले तरी पुरे, त्यासाठी फांद्या उतरवण्याचे कारण नाही.

महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ मधील 'झाड तोडणे' या संज्ञेत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणेही येते. त्यामुळे खाजगी आवारातील छाटणीसाठीही महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करून लेखी परवानगी घेतल्याशिवाय काम सुरू करू नये. कापण्यापूर्वी घरटी पाहणेही आवश्यक आहे, कारण वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना त्रास देणे शिकारीच्या व्याख्येत मोडते.

यंदा मे महिन्यात परवानगी घेऊन वाळलेल्या, तडकलेल्या आणि विजेच्या तारांना टेकलेल्या फांद्या तेवढ्या काढाव्यात; तारांजवळचे काम वीजपुरवठा बंद ठेवूनच व्हावे. गेटवरच्या दिव्याचा उजेड अडवणारी एकच फांदी आहे, तीही जोडापासून काढली की प्रश्न सुटतो. टाकीजवळच्या झाडाचे पाणसोट फेब्रुवारीत विरळ करून प्रत्येक खुंटावर एक-दोन सशक्त फांद्या राखाव्यात.

हा विषय पुढील सभेत घ्यावा आणि ठेकेदाराला द्यावयाच्या कार्यादेशात छाटणीची पद्धत लेखी नमूद करावी. कामाच्या दिवशी कोणत्या फांद्या काढायच्या, त्यांवर खडूने खुणा करून देण्यास मी स्वतः उपस्थित राहीन.

आपला विश्वासू,
एक सभासद, बी विंग