आधी नोंदवही, मग इमारत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वैनगंगेच्या काठी विद्यापीठाचे पर्यावरण अभ्यास केंद्र व्हावे, अशी मागणी ब्रह्मपुरी-वडसा परिसरात अधूनमधून कानावर येते आणि ती रास्तच आहे. परंतु या मागणीसोबत जे चित्र रंगवले जाते, त्यात काठावरचे सभागृह, पाहुण्यांच्या खोल्या आणि कुंपणाची भिंत यांनाच पहिला मान मिळतो. केंद्राची सुरुवात नदीच्या रोजच्या नोंदींपासून व्हावी आणि त्या ठेवणाऱ्या माणसांच्या पगाराची तरतूद बांधकामाच्या आधी मंजूर व्हावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. कोनशिलांचे अप्रूप या खोऱ्याला फारसे उरलेले नाही. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची कोनशिला १९८८ मध्ये बसली आणि कालव्यांची कामे त्यानंतर तीन दशके उलटली तरी सुरूच होती.

जागेच्या बाबतीत घाई तर मुळीच नको. पात्र समोर दिसेल अशी मोकळी जागा कोणालाही आवडते, मात्र ऑगस्ट २०२० च्या अखेरीस गोसीखुर्दचे सर्व ३३ दरवाजे उघडले गेले तेव्हा खालच्या बाजूला काठाकाठाने पाणी कुठवर चढले, हे इथल्या शेतकऱ्यांना सांगावे लागत नाही. आपल्या राज्यात निळी पूररेषा साधारणपणे २५ वर्षांतून एकदा आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी आखतात. प्रयोगशाळा, रसायने, विजेची खोली आणि विद्यार्थ्यांचा मुक्काम हे सारे लाल रेषेच्या वरच असले पाहिजे. काठावर पातळी मोजण्याची पट्टी, डोंगा बांधायला जागा आणि उन्हाळ्यापुरता मांडव पुरे. शिवाय धरणाखालच्या नदीचा पूर केवळ आपल्या गावच्या पावसावर ठरत नाही, वर दरवाजे कधी आणि किती उघडले यावरही ठरतो. म्हणून कागदावरच्या रेषेसोबत २०२० च्या पाण्याने घरांच्या भिंतींवर सोडलेल्या गाळाच्या खुणा गावकऱ्यांबरोबर फिरून नकाशावर घ्याव्यात. दर दिवाळीच्या रंगरंगोटीत त्यांतल्या काही पुसल्या जात आहेत.

केंद्रीय जल आयोग पवनी आणि आष्टी येथे नदीची पातळी व विसर्ग मोजतो, त्यामुळे तेच काम पुन्हा करण्याची गरज नाही. उणीव आहे ती पाण्याच्या प्रकृतीच्या सलग नोंदींची. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला मिळते, हे सर्वज्ञात आहे. त्याचा इथल्या मासोळीवर काय परिणाम होतो, हे समजण्यासाठी पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजावा लागतो आणि तोही पहाटे, कारण पाण्यातील वनस्पती रात्री प्राणवायू तयार करीत नाहीत, उलट वापरतात आणि उजाडण्याच्या सुमारास त्याचे प्रमाण सर्वांत कमी होते. जिल्ह्याच्या ठिकाणाहून जीपने निघून अकरा वाजता काठावर पोहोचणारा संशोधक जो नमुना घेतो, तो उन्हात सावरलेल्या पाण्याचा असतो. पहाटे पाचला बाटली बुडवायची तर माणूस गावातलाच हवा.

तो माणूस मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातून निवडावा, असे मी सुचवतो. कोणत्या डोहात मे महिन्यातही पाणी टिकते, रेतीचा उपसा झाल्यावर कोणता डोह बुजला, पहिल्या पुराला मासोळी कोणत्या नाल्याने वर चढते, ही माहिती रोज जाळे टाकणाऱ्यांकडे आहे. संशोधक येतात, विचारून घेतात, प्रबंध लिहितात आणि गावात त्याची एक प्रतही परत येत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी लोक जैवविविधता नोंदवह्या झाल्या आहेत. केंद्राने आपल्या नोंदी त्यांच्याशी जोडाव्यात, माशांची स्थानिक नावे शास्त्रीय नावांच्या शेजारी लिहावीत आणि नोंद ठेवणाऱ्याला चहापाण्याचे मानधन न देता नियमित पगार द्यावा. तासिका तत्त्वावर प्राध्यापक नेमून विद्यापीठे वर्षे काढतात, तीच रीत इथे आली तर नोंदी दुसऱ्याच पावसाळ्यात तुटतील.

सलग नोंदींचे मोल काय असते, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने दाखवून दिले आहे. मुदुमलाईच्या जंगलात ५० हेक्टरचा एकच तुकडा आखून १९८८ पासून तेथील झाडे पुन्हा पुन्हा मोजली गेली, म्हणून वणवा किंवा दुष्काळ यांनी जंगलात काय बदलले ते आज आकड्यांत सांगता येते. वैनगंगेसाठी असे काम कोणी तरी कधी तरी सुरू करायलाच हवे.

पहिल्या वर्षाला फार पैसा लागणार नाही. गावात एक भाड्याचे घर, मोजणीची साधी उपकरणे, एक डोंगा, पगारी नोंदकर्ते आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर दर आठवड्याला मराठीत लावलेले आकडे, एवढ्यावर भागेल. जून ते मे असे वर्षभराचे पाणी पाहून झाल्यावर ग्रामसभेसमोर जागेचा प्रस्ताव ठेवावा. विद्यापीठाच्या अधिसभेतील या भागाच्या सदस्यांनी येत्या अर्थसंकल्पात बांधकामाच्या आधी या खर्चाचे स्वतंत्र शीर्ष मागावे, ही विनंती आपल्या दैनिकामार्फत करीत आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर